कांचेवरचीं पुस्तकें

ज्या शाळेंत माझें प्राथमिक शिक्षण झालें तेथें ग्रंथालय होतें असें म्हणणें सत्यास धरून होईल. परंतु त्या ग्रंथालयांतील एखादें पुस्तक मीं वाचलें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. मुख्याध्यापकांच्या खोलींत एक शिसवी कपाट होतें. त्याच्या दारांस कांचा बसविलेल्या होत्या व त्यांतून पुस्तकांच्या पाठी ओळीनें दिसत. किल्ली ज्या गुरुजींकडे असे त्यांस पुस्तकें हरवण्याची फार धास्ती वाटे, आणि ती निष्कारण होती असें नाहीं; कारण हरवलेल्या पुस्तकाचे पैसे त्यांच्याच पदरचे जात. वर्षांतून एकदां तपासणीच्या सुमारास कपाट उघडे, धूळ झटकली जाई, पुस्तकें मोजलीं जात आणि पुन्हां कुलूप लागे. पुस्तकांची संख्या कधीं कमी झाली नाहीं. ज्या ग्रंथालयांतून एकही पुस्तक हरवत नाहीं त्यांतील पुस्तकें बहुधा कोणी वाचतही नाहीं, हें मला पुढें स्वतः शिक्षक झाल्यावर कळलें.

आज बावीस वर्षें मी उपनगरांतील लहान मुलांस शिकवीत आहें. गेलीं कांहीं वर्षें आपल्या प्राथमिक विभागांत आम्ही डिजिटल ग्रंथालयाचा उपयोग करीत आहों. त्याविषयीं पालक मला वारंवार विचारतात. कोणी कौतुकानें, कोणी काळजीनें, आणि पुष्कळसे दोन्ही भावना एकत्र करून. वार्षिकाच्या संपादकांनीं यंदा कांहीं पानें देऊं केलीं, तेव्हां या सर्वांस एकदमच उत्तर द्यावें असें मनांत आलें.

डिजिटल ग्रंथालय म्हणजे काय हें प्रथम सांगितलें पाहिजे, कारण मोबाईलवर जें जें दिसतें त्या सर्वांस हें नांव देण्याची चाल पडली आहे. पुस्तकांचीं पानें संगणकांत सांठवून, तीं भाषा, विषय, लेखक, वाचकाची तयारी इत्यादींच्या अनुरोधानें लावून, मागतांच मिळतील अशी व्यवस्था जेथें केलेली असते तें डिजिटल ग्रंथालय. यांत व्यवस्था हा मुख्य भाग होय. ज्या ढिगांत कांहींच लाविलेलें नाहीं तो कितीही मोठा असला तरी ग्रंथालय नव्हे. कागदी ग्रंथालयाहून याचा एक विशेष असा कीं, एकानें पुस्तक नेलें म्हणून दुसऱ्याची निराशा होत नाहीं. बेचाळीस मुलांच्या वर्गांत हत्तीचें पुस्तक एकच असलें म्हणजे काय अनर्थ होतो हें ज्यानें पाहिलें आहे त्यासच या विशेषाची किंमत कळेल.

ही कल्पना आजची नव्हे. ४ जुलै १९७१ या दिवशीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत मायकेल हार्ट नांवाच्या तरुणानें आपल्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकांत टंकून ठेविला व तो इतरांस खुला केला. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या ग्रंथालयाची ती सुरुवात. लहान मुलांकडे लक्ष जावयास मात्र आणखी तीस वर्षें लागलीं. २००२ सालीं मेरीलँड विद्यापीठांतील मंडळींनीं नाना भाषांतील बालपुस्तकांचें एक डिजिटल ग्रंथालय उघडलें, आणि त्याची रचना ठरवितांना लहान मुलांसच सल्लागार म्हणून सोबत घेतलें. मोठीं माणसें पुस्तक शोधतात तीं लेखकाच्या किंवा विषयाच्या नांवानें. मुलांची रीत निराळी. म्हणून त्या ग्रंथालयांत वेष्टनाच्या रंगावरूनही पुस्तक शोधण्याची सोय ठेविली होती. हें प्रथम वाचलें तेव्हां मला हंसूं आलें नाहीं. "सर, तें मागच्या वेळचें लाल पुस्तक द्या ना!" ही मागणी मीं इतक्या वेळां ऐकली आहे कीं, त्या विद्वानांनीं आमच्याच वर्गांत येऊन हा शोध लाविला असावा असें मला वाटलें.

आपल्याकडेही या कामीं बरेंच झालें आहे. १९६७ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाचीं, म्हणजे आपल्या सर्वांच्या बालभारतीचीं पुस्तकें आज कोणासही इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेतां येतात. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडी या लहानशा गांवीं श्री. रणजितसिंह डिसले हे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत २००९ सालीं रुजू झाले. पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड छापून त्यांतून मुलांस कविता, चित्रफिती, गोष्टी व गृहपाठ मिळावेत ही युक्ति त्यांनीं आपल्या वर्गांत करून दाखविली. पुढें ती राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली, आणि २०१७ सालीं केंद्र सरकारनें 'दीक्षा' ही व्यवस्था सुरू केल्यावर देशभर पसरली. २०२० सालीं डिसले गुरुजींस दहा लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला व त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील उरलेल्या नऊ शिक्षकांस वांटून दिली, हें वाचकांस ठाऊकच असेल. प्राथमिक शाळेंतील एका शिक्षकाचें नांव त्या दिवशीं लोकलच्या डब्यांत लोक एकमेकांस सांगत होते. आमच्या व्यवसायांत असा दिवस वारंवार येत नाहीं.

तथापि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पाठ्यपुस्तकांतील कोड दाबला म्हणजे पुष्कळदां चित्रफीत सुरू होते. चित्रफीत पाहून मुलाला पाठ समजतो, पण त्याचें वाचन होत नाहीं. ऐकणें व पाहणें हीं जन्मतःच येतात; वाचणें मात्र शिकावें लागतें, आणि तें वाचूनच येतें. म्हणून लहान वर्गांत ज्या डिजिटल ग्रंथालयाचा मला खरा उपयोग झाला तें गोष्टींचें ग्रंथालय होय. १९९० नंतरच्या दशकांत आपल्याच मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील बालवाड्यांतून 'प्रथम' या संस्थेचें कार्य उभें राहिलें. त्याच परिवारांतून २००४ सालीं 'प्रथम बुक्स' ही बालपुस्तकें काढणारी संस्था निघाली, व तिनें ८ सप्टेंबर २०१५ या साक्षरतादिनीं 'स्टोरीवीव्हर' नांवाचें डिजिटल ग्रंथालय सर्वांस खुलें केलें. तेथें हजारों सचित्र गोष्टी आहेत. त्यांत मराठी तर आहेच, परंतु सर्व मिळून तीनशेंहून अधिक भाषा आहेत. गोष्टींच्या चार पायऱ्या केलेल्या आहेत: पहिल्या पायरीवर पानाला एखाददुसरें सोपें वाक्य, आणि चौथीवर पुरती गोष्ट. त्या घेण्यास, छापण्यास किंवा दुसऱ्या भाषेंत नेण्यास कोणाची निराळी परवानगी लागत नाहीं. मूळ लेखक व चित्रकार यांचीं नांवें दिलीं म्हणजे झालें.

आतां ज्या मुलामुळें मला या ग्रंथालयाचें महत्त्व कळलें त्याची हकीकत सांगतों. त्याचें नांव येथें देत नाहीं. तो आतां माध्यमिक विभागांत आहे आणि हें वार्षिक त्याच्याही हातीं पडणार आहे.

मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या. त्या वर्षीच्या जूनमध्यें हा मुलगा कागदोपत्रीं पहिलींत दाखल झाला. त्याचें घर घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवर. घरांत मोबाईल एक, आणि तो सकाळीं वडिलांबरोबर कामावर जाई. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही पाठांची मालिका लागे. ती त्यानें शेजाऱ्यांच्या दारांत उभें राहून पाहिली. मुंबईंतील पहिली ते सातवीचे वर्ग उघडले ते डिसेंबर २०२१ मध्यें, आणि थोड्याच दिवसांत पुन्हां बंद होऊन २४ जानेवारी २०२२ रोजीं परत भरले. म्हणजे शाळेच्या बाकावर हा मुलगा प्रथम बसला तो दुसरींत असतांना. पहिलीचा वर्ग त्यानें पाहिलाच नाहीं. जून २०२२ मध्यें तो माझ्याकडे तिसरींत आला.

असा तो एकटाच होता असें नव्हे. 'असर' या नांवानें ग्रामीण भागांतील मुलांच्या शिक्षणाची जी पाहणी होते तिच्या २०२२ च्या अहवालांत असें दिसलें कीं, दुसरीच्या पातळीचा उतारा वाचूं शकणारीं तिसरीचीं मुलें देशांत शेंकडा २०.५ होतीं, चार वर्षांपूर्वीं, म्हणजे २०१८ सालीं, तीं २७.३ होतीं. दोन्ही आंकडे लाजिरवाणे. पण आमच्या वर्गांत आम्हांस आंकडा दिसत नाहीं, मुलाचें तोंड दिसतें.

वाचनाच्या तासाला मी पुस्तकें टेबलावर मांडून ठेवतों व ज्यानें त्यानें आपलें पुस्तक घ्यावें असा नियम आहे. हा मुलगा नेहमीं जाड पुस्तक घेई. खिडकीजवळच्या बाकावर बसून तो मन लावून वाची, पानें उलटी, मधून मान हलवी. दोन आठवडे मीं त्याचें कौतुक केलें. मग एके दिवशीं मागें उभा असतां माझ्या ध्यानांत आलें कीं, शेजारचा मुलगा पान उलटतो त्याच क्षणीं हाही उलटतो. त्यास अक्षरें येत होतीं. काना-मात्रा सुटे विचारले तर तेही येत. परंतु तीन अक्षरांचा शब्द आला कीं पहिलें अक्षर हातीं येईतों तिसरें निसटे. त्याच्या योग्यतेचीं पुस्तकें टेबलावर होतीं. तीं पातळ, मोठ्या अक्षरांचीं, पानाला एक ओळ असलेलीं. परंतु तें पातळ पुस्तक हातांत घेऊन बेचाळीस मुलांच्या मधून आपल्या बाकापर्यंत चालत जाणें म्हणजे काय, याचा विचार आम्हां मोठ्या माणसांस सहसा सुचत नाहीं. पुस्तकाची जाडी ही लहान मुलांच्या समाजांत प्रतिष्ठेची बाब असते. आठ वर्षांच्या मुलालाही अब्रू असते, आणि ती तो जपतो. वेळप्रसंगीं विद्येच्या मोबदल्यांत जपतो.

त्याच सुमारास माजी विद्यार्थ्यांच्या देणगींतून आम्हांस सहा टॅब मिळाले होते. बेचाळीस मुलांत सहा टॅब म्हणजे कांहींच नव्हे असें प्रथम वाटलें. परंतु आम्हीं असें ठरविलें कीं, शनिवारीं एका वेळीं सहा मुलांनीं मागच्या बाकांवर वीस मिनिटें टॅबवर वाचावें व इतरांनीं कागदी पुस्तकें वाचावींत. गोष्टी अगोदर उतरवून ठेवलेल्या असत, त्यामुळें इंटरनेटची गरज नसे व दुसरीकडे भटकण्याची वाटही नसे. या मुलाची पाळी आली. मीं त्याच्या टॅबवर पहिल्या पायरीच्या पांच गोष्टी व चौथीच्या दोन ठेवल्या आणि दूर झालों.

मागून पाहिलें तर सहाही टॅब सारखेच दिसत होते. कोणाच्या हातीं पातळ पुस्तक आहे व कोणाच्या जाड, हें कोणास कळण्यास मार्ग नव्हता. त्या पांचांपैकीं एका गोष्टीस आवाजाची जोड होती: कानाला यंत्र लाविलें म्हणजे कोणी गोष्ट वाचून दाखवी व जो शब्द उच्चारला जाई तो पानावर रंगून दिसे. पुस्तक किती वेळां उघडलें याची नोंद टॅबमध्यें राहते. संध्याकाळीं मीं ती पाहिली. चौथ्या पायरीच्या गोष्टी उघडलेल्या नव्हत्या. ती आवाजाची गोष्ट वीस मिनिटांत नऊ वेळां उघडली होती. मीं त्यास कांहीं विचारलें नाहीं. पुढच्या शनिवारीं त्या सात गोष्टींत पहिल्या पायरीच्या आणखी तीन घातल्या.

डिजिटल ग्रंथालयाच्या स्तुतींत लाखों पुस्तकें, क्षणांत प्राप्ति, विनामूल्य सेवा या गोष्टी नेहमीं सांगितल्या जातात व त्या खऱ्याही आहेत. परंतु प्राथमिक वर्गांत मला जो गुण सर्वांत मोलाचा वाटला तो कोणी सांगितलेला मला आढळला नाहीं. मागें पडलेल्या मुलास मागच्या पायरीवर बसून, कोणाच्या नजरेस न पडतां, पुन्हां आरंभ करतां येतो. कागदी पुस्तकाला ही गोष्ट साधत नाहीं, कारण त्याचें वेष्टन बाहेरच्या बाजूस असतें.

दिवाळीपूर्वीं पालकसभा झाली. मुलाची आई आली होती. ती तेलंगणांतील महबूबनगरकडची; गांवीं पांचवीपर्यंत तेलुगु शाळेंत शिकलेली. मुलाचा अभ्यास घरीं कोण घेतें असें विचारतां ती खालीं पाहूं लागली आणि म्हणाली, "सर, मला मराठी वाचतां येत नाहीं. मी काय घेणार?" तिला आपण निरक्षर आहों असें वाटत होतें. पांच इयत्ता शिकलेली बाई! मुंबईंत आल्यावर तिची अक्षरें तिच्या कामास येईनाशीं झालीं एवढेंच. मीं टॅबवर तिच्या मुलाची आवडती गोष्ट काढली व भाषा बदलून तेलुगु केली. चित्रें तींच, पानें तितकींच, फक्त अक्षरें तिच्या ओळखीचीं. तिनें पहिलें पान मनांत वाचलें, दुसरें ओंठांत, आणि तिसरें चक्क मोठ्यानें. सभेंतील इतर पालक वळून पाहूं लागले तेव्हां ती थांबली.

त्यानंतर रात्रीं वडील कामावरून परतले म्हणजे मोबाईल अर्धा तास मायलेकांचा होई. आई एक पान तेलुगूंत वाची, मुलगा तेंच पान मराठींत. अडलें तर चित्र पाहावयाचें. आईच्या तोंडून अर्थ अगोदरच कळलेला असल्यामुळें मराठी शब्द त्याला परका वाटत नसे. अंधारांत जिना चढतांना पुढची पायरी आहे हें ठाऊक असावें तसें होई. नाताळच्या सुटीपूर्वीं त्यानें माझ्या टेबलाजवळ उभें राहून बारा पानांची एक गोष्ट वाचली. दोन ठिकाणीं अडखळला. याचें श्रेय यंत्रास द्यावें असें माझें म्हणणें नाहीं. अर्धें त्या माउलीचें आणि उरलेलें मुलाचें. परंतु तेलुगूंतील व मराठींतील तीच गोष्ट असल्फ्याच्या टेकडीवर कोणत्या कागदी ग्रंथालयानें पोंचविली असती, हें कोणी मला सांगावें.

आतां पालकांच्या शंकांकडे वळतों. मोबाईल हातीं दिला कीं मूल बिघडतें, डोळे जातात, लक्ष उडतें, ही तक्रार मुलुंडपासून अंधेरीपर्यंत प्रत्येक घरांत आहे आणि ती खोटी नाहीं. ज्या कांचेवर गोष्ट दिसते त्याच कांचेवर बोटाच्या एका फटकाऱ्यानें नाच, मारामारी व जाहिराती दिसतात. कागदी पुस्तकाला असा मागचा दरवाजा नसतो. म्हणून घरीं वाचावयास द्यावयाचें तर गोष्टी अगोदर उतरवून, इंटरनेट बंद करून, आणि शेजारीं बसून द्यावें. मुलाला मोबाईल देऊन आपण दुसऱ्या मोबाईलवर बसावयाचें असेल तर ग्रंथालयाचें नांव न घेतलेलेंच बरें.

आणखी एक माझ्या अनुभवाची गोष्ट. अक्षरओळख मी टॅबवर करून घेत नाहीं. तिच्यासाठीं पाटी, पेन्सिल व वाळू यांस तोड नाहीं. अक्षर हातांतून डोक्यांत जातें. शिवाय कागदी पुस्तक वाचलेल्या मुलाला "तें वाक्य डाव्या पानावर, खालीं, मांजराच्या चित्राजवळ होतें" असें आठवतें. कांचेवर सरकत जाणाऱ्या मजकुराला अशी जागा राहत नाहीं. म्हणून एखादी गोष्ट मुलांस फार आवडली कीं आम्ही ती छापून, दुमडून, मध्यें दोरा घालून वर्गाच्या कपाटांत ठेवतों. तशीं घरच्या शिवणीचीं पुस्तकें आतां साठावर गेलीं आहेत. कांहीं हरवलीं, पुष्कळशीं फाटलीं. तीं पुन्हां छापतां येतात, त्यामुळें कपाटाला कुलूप नाहीं.

संबंध वर्गास एकच गोष्ट दाखवावयाची असेल तर प्रोजेक्टरनें भिंतीवर पाडतों. बेचाळीस मुलें एकाच पुस्तकांत पाहत आहेत, शब्दाखालून छडी सरकत आहे, आणि सर्वांचा आवाज एकदम निघत आहे, हें दृश्य मोठें रम्य असतें. छडीलाही अखेर चांगलें काम लागलें म्हणावयाचें. वीज गेली कीं मात्र सर्व आटोपतें. पावसाळ्यांत असें अनेकदां घडतें, आणि मग गोष्टीचा शेवट मला तोंडानें सांगावा लागतो. मुलांस तो शेवट पुस्तकांतल्यापेक्षां अधिक आवडतो अशी माझी समजूत आहे. ती खरी आहे कीं नाहीं हें मीं तपासून पाहिलेलें नाहीं.

आपल्या भाषेच्या वांट्याला या ग्रंथालयांत ज्या अडचणी आल्या आहेत त्या मोठ्या विद्यार्थ्यांनीं तरी समजून घ्याव्यात. जुन्या मराठी पुस्तकांच्या ज्या प्रती संगणकावर ठेवलेल्या असतात त्यांतील पुष्कळ म्हणजे नुसतीं पानांचीं छायाचित्रें होत. माणसाला त्यांत अक्षरें दिसतात; यंत्राला काळे-पांढरे ठिपके. त्या छायाचित्रांतून अक्षरें ओळखून घेण्याची विद्या इंग्रजीसाठीं जितकी पक्की झाली तितकी देवनागरीसाठीं होण्यास वेळ लागला, कारण आपलीं जोडाक्षरें व काना-मात्रा वेलांट्या यांची गुंतागुंत मोठी. दुसरी अडचण लेखनाची. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि उच्चारांत नसलेले अनुस्वार लेखनांतून गेले. मला जुन्या वळणाची हौस असल्यामुळें या लेखांत ते तुम्हांस जागोजागीं दिसत असतील. तुम्हीं मात्र निबंधांत देऊं नका, गुण जातील. सांगावयाचें तें असें कीं, आजचा विद्यार्थी संगणकावर 'नाही' असा शब्द टंकून शोधूं लागला तर साध्या शोधाला जुन्या पुस्तकांतील 'नाहीं' हा निराळाच शब्द वाटतो. माथ्यावरच्या एका टिंबामुळें आजोबांचें पुस्तक नातवाला सांपडत नाहीं. चौथीच्या मुलांस मीं हें फळ्यावर लिहून दाखविलें, तेव्हां एकानें विचारलें, "मग दोन्ही तऱ्हांनीं शोधलें तर?" उत्तर त्यानेंच दिलें होतें.

एक सुदैवाची गोष्टही आहे. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं त्याचें लेखन सर्वांचें होतें. साने गुरुजी ११ जून १९५० रोजीं गेले. म्हणून १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' व त्यांचीं इतर पुस्तकें कोणासही छापतां येतात, संगणकावर ठेवतां येतात, मुलांस वांटतां येतात. अमळनेरच्या छात्रालयांत शिक्षक असतांना गुरुजी मुलांसाठीं एक दैनिक स्वतःच्या हातानें लिहून काढीत. तें एकेका हस्तलिखित प्रतीचें पत्र वाचावयास मुलांची कशी झुंबड उडत असेल, आणि मागच्या रांगेंतील बुटक्या मुलास तें कितपत दिसत असेल, असा विचार भिंतीवर पुस्तक पाडतांना माझ्या मनांत पुष्कळदां येतो.

उपनगरांतील जुनीं ग्रंथालयें यामुळें निरुपयोगी झालीं असें मात्र कोणी समजूं नये. पार्ल्यास १९२३ सालीं स्थापन झालेल्या लोकमान्य सेवा संघाचें ग्रंथालय आहे. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाचें न. चिं. केळकर ग्रंथालय आहे. पुस्तक परत करतांना "कसें वाटलें?" असें विचारणारें माणूस अशाच ठिकाणीं भेटतें. संगणकही असें विचारूं लागला आहे खरा, पण त्यास उत्तर म्हणून पांच चांदण्यांपैकीं कांहीं रंगवून द्याव्या लागतात. मुलाला त्याहून बरेंच अधिक सांगावयाचें असतें.

सध्यां चौथीच्या वर्गांत निराळाच उद्योग चालू आहे. मुलांनीं एक हिंदी चित्रकथा मराठींत आणावयास घेतली आहे. ती पुरी झाली म्हणजे त्या ग्रंथालयांत चढविण्याचा विचार आहे; मग ती कोठल्याही गांवच्या मुलास वाचतां येईल, ही कल्पना त्यांस फार भव्य वाटते आणि त्यामुळें एकेका शब्दावर वाद होतात. पहिलीं दोन पानें सुरळीत झालीं. तिसऱ्या पानावर 'केकड़ा' आला. पुस्तकांत वाचणाऱ्यांनीं 'खेकडा' असें लगेच सांगितलें. मालवणकडच्या एका मुलीनें आपल्या आजीच्या साक्षीनें 'कुर्ली' हा शब्द मांडला. वेसाव्याच्या कोळीवाड्यांत आजोळ असलेला एक मुलगा उठून म्हणाला कीं, हे दोन्ही शब्द ज्यांनीं तो प्राणी फक्त ताटांत पाहिला आहे त्यांचे. खरा शब्द 'चिंबोरी'. मीं कोश काढून दाखविला, तर कोशाला समुद्राची माहिती कितपत आहे असा प्रश्न आला. शेवटीं असें ठरलें कीं, चित्रांतला प्राणी खाडीच्या चिखलांतला कीं खडकांतला हें आधीं पाहावें आणि पुढच्या शनिवारीं मतें घ्यावींत. चित्र मोठें करून भिंतीवर पाडलें. चित्रकारानें मागची जागा कोरीच सोडलेली आहे.